आलेख काढणाऱ्या जुन्या आज्ञांची निवृत्ती

प्रयोगवहीत आलेख काढताना आपण नेमके काय करतो? आधी निरीक्षणांच्या जोड्या तक्त्यात मांडतो. मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या पाहून प्रमाण ठरवतो, अक्ष आखतो, बिंदू मांडतो. सर्व बिंदूंजवळून जाणारी गुळगुळीत रेषा काढतो. सर्वांत शेवटी पेन्सिलीवरून शाई फिरवतो. ही कामे इतकी सवयीची झालेली असतात की ती वेगवेगळी आहेत हे लक्षातच येत नाही. संगणकाला मात्र प्रत्येक काम वेगळे सांगावे लागते. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी युनिक्स नावाच्या कार्यप्रणालीत यांपैकी प्रत्येक कामासाठी एक छोटा प्रोग्रॅम होता. आज त्या प्रोग्रॅमांना निरोप देण्याची वेळ आली आहे. तो का द्यावा, कसा द्यावा आणि देताना काय सांभाळावे, याचा विचार आपण या लेखात करू.

एक काम, एक प्रोग्रॅम

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार. त्यांचे सहकारी डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ साली तिच्यात एक सोय आली, ती म्हणजे 'पाइप' अर्थात नळी. एका प्रोग्रॅममधून बाहेर पडणारी माहिती नळीतून जावी तशी सरळ दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये शिरते. मध्ये ती कोठेही साठवून ठेवावी लागत नाही. ही सोय झाल्यावर एकच अवाढव्य प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी एकेक काम नीट करणारे अनेक छोटे प्रोग्रॅम लिहून ते एकापुढे एक जोडण्याची पद्धत रूढ झाली.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात आलेखांसाठी तीन आज्ञा होत्या. पहिली 'स्प्लाइन', दुसरी 'ग्राफ' आणि तिसरी 'प्लॉट'. यांतील 'ग्राफ' हा प्रोग्रॅम मॅकिलरॉय यांनीच लिहिलेला. उंदीर आणि खिडक्या यांचा तो काळ नव्हता. टर्मिनलवर आज्ञा टंकित करावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची, अशी रीत होती. तिन्ही आज्ञा जोडल्या की ओळ अशी दिसे (प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टंकित करीत):

स्प्लाइन | ग्राफ | प्लॉट

मधली उभी रेघ म्हणजे नळी. समजा, आपण साध्या लंबकाचा प्रयोग केला. लंबकाची लांबी २५, ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटर असताना आवर्तकाल अनुक्रमे १.००, १.४२, १.७४ आणि २.०१ सेकंद मिळाला. या चार जोड्या ओळीने लिहून पहिल्या प्रोग्रॅमला दिल्या की आलेख तयार होऊ लागे. आता प्रत्येक प्रोग्रॅम काय करतो ते पाहू.

'स्प्लाइन' दिलेल्या बिंदूंच्या मधले बिंदू भरतो. हा शब्द आला आहे जहाजबांधणीच्या आरेखनातून. तेथे लाकडाची लवचिक पट्टी ठराविक जागी वजने ठेवून वाकवीत आणि तिच्या कडेने रेघ ओढीत. पट्टी आपोआप गुळगुळीत वळण घेते. या कल्पनेला गणिती रूप दिले ते आय. जे. शोनबर्ग यांनी १९४६ साली. लगतच्या दोन बिंदूंच्या दरम्यान एकेक त्रिघाती बहुपदी घ्यावयाची आणि सांध्यापाशी उतार तसेच उताराच्या बदलाचा दर दोन्ही बाजूंनी सारखा ठेवावयाचा. म्हणजे सांधा डोळ्यांना कळत नाही. चार बिंदू आत गेले की शंभरेक बिंदू बाहेर येत.

'ग्राफ' हा दुसरा. अक्षांच्या मर्यादा ठरवणे, चौकट आणि रेघा आखणे, बिंदू क्रमाने जोडणे ही याची कामे. पण गंमत अशी, की हा प्रोग्रॅम स्वतः काहीच काढत नाही! तो फक्त चित्र कसे काढावे याच्या सूचना लिहून देतो.

त्या सूचना वाचून प्रत्यक्ष चित्र काढतो तो तिसरा, म्हणजे 'प्लॉट'.

चित्राची मधली भाषा

या सूचनांची भाषा अगदी छोटी होती. प्रत्येक सूचना म्हणजे एक अक्षर आणि त्यापुढे सहनिर्देशक. 'एम' म्हणजे पेन उचलून अमुक बिंदूवर न्या. 'एन' म्हणजे सध्याच्या जागेपासून अमुक बिंदूपर्यंत रेघ ओढा. 'एल' म्हणजे दिलेल्या दोन बिंदूंमध्ये रेघ ओढा. 'पी' म्हणजे बिंदू, 'सी' म्हणजे वर्तुळ, 'ए' म्हणजे कंस, 'टी' म्हणजे अक्षरे लिहा, 'ई' म्हणजे पडदा पुसा. 'एस' ही सूचना कागदाचे माप सांगे, म्हणजे डावा खालचा आणि उजवा वरचा कोपरा. सूचनांचा संच साधारण एवढाच.

अशी मधली भाषा कशासाठी? त्या काळी चित्र काढणारी यंत्रे तऱ्हेतऱ्हेची होती आणि त्यांची चालण्याची रीतही वेगवेगळी होती. 'ग्राफ'ला प्रत्येक यंत्राची भाषा शिकवावयाची झाली तर तो फुगत गेला असता. त्याऐवजी 'ग्राफ'ने एकाच भाषेत बोलावे आणि प्रत्येक यंत्रासाठी एक दुभाषा ठेवावा, ही युक्ती सोपी. समजा चित्र तयार करणारे पाच प्रोग्रॅम आहेत आणि सहा यंत्रे आहेत. सरळ जोडण्या करावयाच्या तर ५ × ६ = ३० जोडण्या लागतील. मधली भाषा असेल तर ५ + ६ = ११ पुरतात.

त्या यंत्रांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. टेक्ट्रॉनिक्स ४०१४ हे त्यांतले नामांकित टर्मिनल. त्याच्या पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे ७८० बिंदू दाखवता येत. एकूण झाले ७,९८,७२०. प्रत्येक बिंदू उजळ की काळा एवढेच लक्षात ठेवावयाचे तरी ९९,८४० बाइट लागतात. युनिक्सची सातवी आवृत्ती ज्या पीडीपी-११ संगणकावर चाले, त्याच्यात एका प्रोग्रॅमला माहितीसाठी एका वेळी फार तर ६५,५३६ बाइट मिळत. म्हणजे चित्र स्मृतीत मावणारच नाही! टेक्ट्रॉनिक्सने यातून वेगळी वाट काढली. चित्र लक्षात ठेवण्याचे काम पडद्याच्याच नळीकडे दिले. एकदा ओढलेली रेघ पडद्यावर तशीच उजळलेली राही. मात्र एखादीच रेघ पुसता येत नसे. पुसावयाचे तर सारा पडदा एकदम लख्ख चमके आणि कोरा होई. आता 'ई' या सूचनेचा अर्थ 'सगळे पुसा' असाच का, हे ध्यानात येईल.

दुसरी जात होती टंकयंत्रासारख्या छापणाऱ्या टर्मिनलांची. डासी ४५० या यंत्राला इंचाच्या १/१२० इतके आडवे आणि १/४८ इतके उभे सरकता येई. म्हणून पूर्णविराम जवळजवळ उमटवून त्यातून रेघ तयार करीत. पुढे बर्कले येथील युनिक्सने आणि तिच्या वारसांनी या दुभाषांत आणखी भर घातली. ह्यूलेट-पॅकार्ड ७२२१ या पेनाने रेखाटणाऱ्या यंत्रासाठी एक, इमेजेन लेसर प्रिंटरसाठी एक, डेक कंपनीच्या गिगी टर्मिनलसाठी एक. ज्या टर्मिनलला चित्र काढण्याची काहीच अक्कल नाही त्याच्यासाठीही एक दुभाषा होता आणि त्याचे नाव 'डम्बप्लॉट', अर्थात मुकी रेखाटणी!

सन कंपनीच्या सोलारिस कार्यप्रणालीत हे कुटुंब नांदले. २०१० साली ओपन-सोलारिसमधून 'इल्युमॉस' ही खुली प्रणाली निघाली, तेव्हा जुना वारसा म्हणून ही साधनेही तिच्याबरोबर आली. यंत्रे केव्हाच अडगळीत गेली, दुभाषे मात्र राहिले.

ठेवले तर बिघडते काय?

येथे कोणीही विचारील, की चार-दोन छोटे प्रोग्रॅम, आजच्या तबकडीवर नखाएवढीही जागा खात नाहीत. राहिले तर बिघडले कोठे? प्रश्न योग्य आहे. पण खर्च जागेचा नसून देखभालीचा आहे. तो चार ठिकाणी येतो.

पहिला मुद्दा तपासणीचा. एखादा प्रोग्रॅम बरोबर चालतो हे म्हणावयाचे तर तो चालवून पाहावा लागतो. ज्या यंत्रासाठी तो लिहिला ते यंत्रच मिळत नसेल, तर तपासणार कशावर? टेक्ट्रॉनिक्सची नक्कल 'एक्सटर्म' या टर्मिनल-प्रोग्रॅममध्ये आहे, त्यामुळे तो एक दुभाषा तरी पडताळून पाहता येतो. प्रत्येक यंत्राला असे भाग्य लाभलेले नाही. तपासता न येणारा प्रोग्रॅम वाटत राहणे म्हणजे मुदत न लिहिलेले औषध कपाटात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा भाषेचा. हे प्रोग्रॅम 'सी' भाषेच्या जुन्या बोलीत लिहिलेले आहेत. त्या बोलीत फलनाला किती आणि कोणत्या प्रकारच्या किमती द्यावयाच्या हे कंपायलर तपासू शकत नसे. 'सी' भाषेचे २०२४ साली प्रसिद्ध झालेले प्रमाण (त्याला सी-२३ म्हणतात) ही जुनी बोली मानत नाही. आत येणारी ओळ किती लांब आहे हे न पाहता वाचणारे 'गेट्स' हे फलन तर २०११ च्या प्रमाणातूनच वगळले गेले, कारण लांब ओळ आली की शेजारच्या स्मृतीवर अतिक्रमण होते. नव्या कंपायलरशी जमवून घ्यावयाचे तर जुन्या प्रोग्रॅमांची ओळ न् ओळ कोणीतरी बसून सुधारली पाहिजे.

तिसरा मुद्दा संख्या साठवण्याच्या रीतीचा. हा मुद्दा वर्गात गणित म्हणूनही घेता येईल. 'प्लॉट'च्या भाषेत प्रत्येक सहनिर्देशक दोन बाइटमध्ये लिहिला जाई, म्हणजे −३२,७६८ ते ३२,७६७ या मर्यादेतच. पण दोन बाइटपैकी आधी कोणता लिहावा? ३०० ही संख्या घ्या. ३०० = १ × २५६ + ४४. मोठा बाइट १, लहान बाइट ४४. एक रीत लहान बाइट आधी लिहिते: ४४, १. दुसरी मोठा आधी लिहिते: १, ४४. पहिल्या रीतीने लिहिलेली फाइल दुसऱ्या रीतीने वाचली तर काय मिळेल? ४४ × २५६ + १ = ११,२६५! ३०० वर असावयाचा बिंदू ११,२६५ वर जाऊन बसेल. सोलारिस तर दोन्ही जातींच्या यंत्रांवर चाले. स्पार्कमध्ये मोठा बाइट आधी, इंटेलमध्ये लहान आधी. तेव्हा फाइल यंत्राच्या रीतीने लिहिली आहे की ठरलेल्या एका रीतीने, हे पाहणे भाग पडते. या स्वरूपाच्या दोन्ही जाती पुढे प्रचारात होत्या. म्हणून नव्या साधनांना 'लहान आधी' आणि 'मोठा आधी' असे दोन वेगळे पर्याय ठेवावे लागले आहेत.

चौथा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे मूकपणे होणाऱ्या चुकीचा. सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात प्रत्येक आज्ञेखाली तिचे दोष प्रामाणिकपणे छापलेले असत. 'स्प्लाइन'खाली म्हटले आहे, की एक हजार बिंदूंची मर्यादा आहे आणि ती न बोलता पाळली जाते. 'ग्राफ'खाली म्हटले आहे, की जागा नसेल ते बिंदू सोडून दिले जातात आणि चौकटीबाहेर जाणारे रेषाखंड कापून न घेता पूर्णच गाळले जातात. याचा परिणाम पाहा. समजा शाळेच्या हवामान केंद्रात मध्यरात्रीपासून दर मिनिटाला तापमानाची नोंद होते. दिवसाच्या नोंदी १४४०. त्यांतल्या पहिल्या एक हजारच घेतल्या गेल्या, तर १००० मिनिटे म्हणजे १६ तास ४० मिनिटे. आलेख दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी संपेल. संध्याकाळी हवा थंड होत गेली हे त्यात दिसणारच नाही, आणि पडद्यावर सूचनेचा एक शब्दही येणार नाही! १९७९ साली हजार बिंदू म्हणजे पुष्कळ होते. आज एखादा साधा संवेदकही तेवढ्या नोंदी काही मिनिटांत देतो. साधन तेच राहिले, पण भोवतालचे जग मोठे झाल्यामुळे त्याची जुनी मर्यादा आता धोका ठरली.

काढले तर काय गमावू?

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. एखाद्या प्रयोगशाळेत वीस वर्षांपूर्वी कोणी आज्ञांची एक मालिका लिहून ठेवलेली असते. रोज रात्री ती चालते, सकाळी आलेख तयार असतो. लिहिणारा निवृत्त होतो. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आली आणि मधली एक आज्ञा नाहीशी झाली, तर साखळीची एक कडी तुटते. अशा वापरणाऱ्यांची मोजणी करणे कठीण, कारण सुरळीत चालणाऱ्या साधनाबद्दल कोणी पत्र लिहीत नाही. त्याहून मोठी अडचण जुन्या फायलींची. ज्याने मूळ आकडे फेकून केवळ 'प्लॉट'च्या भाषेतील चित्र जपून ठेवले, त्याच्या फायली वाचणारे काही उरले नाही, तर ते निरीक्षण विज्ञानाच्या दृष्टीने हरवल्यासारखेच.

म्हणून निवृत्तीची रीत सभ्य असावी लागते. आधी माहितीपुस्तकात 'ही आज्ञा जुनी झाली आहे, नव्या कामासाठी वापरू नये' असे छापावयाचे. मग प्रस्ताव जाहीर करून कोणाचे काम अडते का, हे विचारावयाचे. काही काळ थांबावयाचे. त्याऐवजी काय वापरावे हे सांगावयाचे. मगच पुढील आवृत्तीतून आज्ञा वगळावयाची. आणि मूळ प्रोग्रॅमचा मजकूर, म्हणजे त्याचा उगम-संकेत, जपून ठेवावयाचा. ग्रंथालयात जीर्ण पुस्तक देवघेवीतून काढतात, पण एक प्रत संदर्भासाठी राखून ठेवतात, तसेच हे.

या बाबतीत सुदैवाने पर्याय चांगले आहेत. 'जीएनयू प्लॉटयुटिल्स' या मुक्त संचात ग्राफ, स्प्लाइन आणि प्लॉट याच नावांचे, पण नव्याने लिहिलेले प्रोग्रॅम आहेत. जुन्या भाषेतील फायली ते वाचतात. 'ग्नूप्लॉट' हा प्रोग्रॅम १९८६ पासून विकसित होत आला आहे आणि अनेक कार्यप्रणालींवर मोफत मिळतो. पायथॉन भाषेत काम करणाऱ्यांसाठी जॉन हंटर यांनी २००३ साली सुरू केलेली 'मॅटप्लॉटलिब' ही साधनसंपदा आहे. राहिला मूळ मजकूर. २००२ सालच्या जानेवारीत कॅल्डेरा कंपनीने युनिक्सच्या पहिल्या सात आवृत्त्या उदार परवान्याखाली खुल्या केल्या. त्यामुळे १९७९ चे ते प्रोग्रॅम आजही कोणाही विद्यार्थ्याला वाचता येतात. कार्यप्रणालीतून वगळले म्हणजे जगातून नाहीसे केले, असे होत नाही.

कल्पना मात्र निवृत्त झालेली नाही. मधली छोटी भाषा आणि प्रत्येक यंत्रासाठी एक दुभाषा, ही रचना आजही आपल्या भोवती आहे. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या पोस्टस्क्रिप्टमध्ये 'मूव्हटू' आणि 'लाइनटू' या आज्ञा आहेत. २००१ साली प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या चित्रभाषेत आकृतीची वाट सांगताना 'एम' म्हणजे येथे जा आणि 'एल' म्हणजे येथपर्यंत रेघ ओढा, असेच लिहितात. मोबाइलच्या पडद्यावरील अनेक लहान चिन्हे याच रीतीने काढलेली असतात.

शिक्षकांसाठी

या सगळ्यातून वर्गात सांगण्याजोग्या तीन गोष्टी निघतात. एक, प्रयोगाचे आकडे नेहमी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक जोडी या पद्धतीने, एककांसह ठेवावेत. आलेखाचे चित्र आकड्यांवरून पुन्हा काढता येते, पण चित्रावरून नेमके आकडे परत मिळत नाहीत. दोन, कोणत्याही साधनाने काढलेल्या आलेखातील बिंदू एकदा मोजून पाहावेत. दिले तेवढेच आले का? तीन, एखादे साधन वापरण्यापूर्वी त्याच्या मर्यादा वाचाव्यात. त्या छापण्याइतका प्रामाणिकपणा लिहिणाऱ्याने दाखवला असेल, तर वाचण्याचे कष्ट आपण घ्यावेत.

एक कृती सुचवितो. तिला संगणक लागत नाही. विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. एकाने लंबकाच्या वरील आकड्यांचा आलेख डोळ्यांपुढे आणून केवळ 'एस', 'एम', 'एन' आणि 'टी' या चार सूचनांत लिहावा. दुसऱ्याने मूळ आकडे न पाहता, फक्त सूचना वाचून आलेखकागदावर चित्र काढावे. मग तीच यादी तिसऱ्या विद्यार्थ्याला द्यावी आणि त्याला निम्म्या मापाचा कागद द्यावा. आकृती तीच येते का, पाहा. शेवटी 'एस' ची ओळ खोडून यादी चौथ्याच्या हाती द्या. कागद किती मोठा धरावा हेच कळत नसल्याने तो कोठे अडतो, हे पाहून मुले स्वतःच सांगतील, की सूचनांबरोबर त्यांचे प्रमाण लिहून ठेवणे किती आवश्यक आहे.